घड वाहणाऱ्यांचा खांदा

सरांनी शिट्टी वाजवून सगळ्यांना पाण्याबाहेर काढलं. मला म्हणाले, हात वर कर. उजवा हात कानापर्यंत गेला आणि अडकला. खांद्यात सुरी फिरल्यासारखं झालं. सर बाकीच्यांकडे बघून म्हणाले, "हिच्या घरचे केळीचे घड खांद्यावर वाहतात. आणि हिचा खांदा पाण्यात दुखतो."

सगळे हसले. मीही हसले. त्याचीच जास्त चीड येते.

मी असोद्याची. वडील केळीच्या बागेत राबतात. सकाळच्या पहिल्या एसटीने मी जळगावच्या पोहण्याच्या तलावावर यायचे, बटरफ्लायच्या सरावाला. दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर फेकायचे, पुन्हा पुन्हा. धुळ्याची स्पर्धा जवळ आली तशा सरांनी फेऱ्या वाढवल्या. आधी खांदा नुसता आखडायचा. मग वेणी घालता येईना. त्या कुशीवर झोपता येईना.

संघात एका डॉक्टरांची मुलगी होती. तिचा खांदा भरून आला की सर स्वतः बर्फ आणायचे, तिला काठावर बसवायचे. दोघींचं दुखणं एकाच जागी. तिची दुखापत. माझा आळस.

त्या दिवशी सगळ्यांचं हसून झाल्यावर सरांनी मला परत उतरवलं. अर्ध्या तलावात उजवा हात पाण्याबाहेर आलाच नाही. नाकातोंडात पाणी गेलं. मी पोहण्याच्या पट्ट्यांमधली दोरी धरून लटकले. वरून सर ओरडत होते, नाटकं बंद कर, फेरी पुरी कर.

डाव्या हाताने काठ गाठला. बाहेर आले.

"नाही उतरणार, सर. खांदा बरा होईपर्यंत नाही."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"येईन. तलाव सरकारी आहे."

आता कुणी हसलं नाही.

घरी वाटलं, आई रागावेल. तिने खांदा चाचपला. म्हणाली, "तुह्या बापाचा खांदाबी दुखते. त्याले कोनी इचारलं नाही कधी. तू चाल दवाखान्यात."

सरकारी दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, अजून ओढलं असतं तर स्नायू फाटला असता.

धुळ्याला संघ माझ्याशिवाय गेला. मी घरी रडले. दुखण्याने नाही, संतापाने.

खांदा अजून पुरता वळत नाही. थंडीत आखडतो. तरी मी तलावावर जाते. सरांच्या डोळ्यांसमोर दवाखान्यातल्या बाईंनी शिकवलेल्या व्यायामाचा रबरी पट्टा ओढते, सोसेल तेवढंच पोहते. परवा रिलेला एक मुलगी कमी पडली. सरांनी मला हाक मारली. मी म्हटलं, आधी विचारा, खांदा कसा आहे. त्यांनी विचारलं नाही. मी उतरले नाही.

पुढेही उतरणार नाही. संघातली जागा गेली तर जाऊ दे. दुखतंय की नाही हे मी सांगणार. जो ऐकणार नाही, त्याच्यासाठी पाण्यात एक हातसुद्धा मारणार नाही.