ड्राफ्टमधलं नाव

"मॅडम, माझ्या ब्लॉगचा पासवर्ड कोणाकोणाकडे आहे?"

हसनभाईंनी बसायच्या आधीच विचारलं.

"तुमच्याकडे आणि माझ्याकडे."

"माझ्याकडून बाहेर गेलेला नाय."

एवढं बोलून ते खुर्चीत बसले आणि माझ्याकडे बघत राहिले. म्हणजे उरले मी.

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत माझा एक गाळा आहे. तिथे मी लोकांना वेबसाइट आणि ब्लॉग करून देते. गिऱ्हाईकं बहुतेक होमस्टेवाले, काजूवाले, दवाखानेवाले. हसनभाई त्यातले नव्हते. ते जन्मभर परदेशी बोटींवर होते, शेवटी सारंग म्हणून उतरले. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. निवृत्त होऊन मिरकरवाड्यातल्या घरी आल्यावर त्यांना दिसलं की खलाशांना बोटीवर लावणारे काही एजंट पोरांना फसवतात आणि घरच्यांना कोणी काही सांगत नाही. म्हणून त्यांना ब्लॉग हवा होता.

"वेबसाइट आणि ब्लॉग एकच ना?" त्यांनी तेव्हा विचारलं होतं.

"वेबसाइटवर दुकानाच्या पाटीसारखा तोच मजकूर वर्षभर राहिला तरी चालतो. ब्लॉगवर तुम्ही नवं नवं लिहीत राहायचं. प्रत्येक नव्या लेखाला पोस्ट म्हणतात. ताजी पोस्ट सगळ्यात वर. डोमेन म्हणजे ब्लॉगचा पत्ता, आणि होस्टिंग म्हणजे तो जिथे ठेवलाय ती भाड्याची जागा."

"म्हणजे बोटीचं नाव आणि धक्क्यावरची जागा."

"तसंच."

माणूस हुशार. एका बोटाने टाइप करायचे, पण लिहायचे नेमकं. एजंटाचं लायसन्स कसं तपासायचं, करारात काय वाचायचं, बोटीवर माणूस आजारी पडला तर घरच्यांनी कुठे फोन करायचा. वाचक वाढत गेले.

त्या दिवशी ते आले ते मात्र मजकूर तिसऱ्यांदा बाहेर फुटला म्हणून. आधी दोनदा त्यांनी एका एजंटाबद्दल लिहायला घेतलं होतं. नाव छापायचं नव्हतं, पण ओळखणाऱ्याला कळलं असतं. पोस्ट ब्लॉगवर यायच्या आधीच एजंटाच्या माणसाने त्यांना बाजारात गाठून विचारलं, "चाचा, आमच्यावर काय लिहिताय?" दोन्ही वेळा हसनभाईंनी योगायोग म्हणून सोडून दिलं. तिसऱ्यांदा त्यात संगीता अडकली.

संगीता पालीची. शिवणकाम करते. तिचा नवरा बोटीवर ऑइलर, म्हणजे इंजिनरूममधला कामगार. करार नऊ महिन्यांचा होता आणि त्याला बोटीवर चौदावा महिना लागला होता. बोट परदेशात नांगर टाकून उभी. बदली माणूस चढल्याशिवाय तो उतरू शकत नव्हता, आणि तोच एजंट बदली माणूस पाठवत नव्हता. संगीताने हसनभाईंना सगळं सांगितलं. अट एकच, नाव येऊ द्यायचं नाही.

"मी पहिल्यांदा लिहिताना नावं घालूनच लिहितो," हसनभाई म्हणाले. "नायतर माझाच गोंधळ होतो. मग नावं काढतो आणि मग छापतो. मंगळवारी लिहून ड्राफ्टमध्ये ठेवलं. नावं काढायची होती. बुधवारी सकाळी त्या एजंटाचा तिला फोन. म्हणाला, ब्लॉगवर आमची बदनामी करतेस, आता तुझा नवरा कधी उतरतो ते बघच."

ड्राफ्ट म्हणजे कच्चा मजकूर. तो ब्लॉगच्या आतच राहतो. ज्याला आत शिरता येतं, त्यालाच तो दिसतो. आत शिरणारे आम्ही दोघं. हे मीच त्यांना शिकवलं होतं.

हसनभाईंनी फोन माझ्यासमोर धरला. "ही साइट कोणाची?"

त्याच एजंटाची वेबसाइट होती. त्यांनी बोटाने पान अगदी तळापर्यंत सरकवलं. तळाच्या पट्टीत, ज्याला फुटर म्हणतात, बारीक अक्षरात माझ्या गाळ्याचं नाव होतं.

तीन वर्षांपूर्वीचं काम. करून दिलं आणि विसरले. खरं सांगायचं तर अगदी विसरले नव्हते. हसनभाईंनी एजंटांबद्दल लिहायला घेतलं तेव्हा मला आठवलं होतं. पण ते मुद्दाम सांगण्यासारखं वाटलं नाही.

"मी त्याच्याशी तीन वर्षांत बोललेले नाही," मी म्हटलं.

"मला कसं कळणार?"

मी लॉगिनची यादी उघडली. ब्लॉगमध्ये कोण, कधी शिरलं ते तिथे दिसतं. आमच्या दोघांशिवाय तिसरं कोणी नव्हतं. मला हायसं वाटलं, आणि लगेच कळलं की हा पुरावा माझ्याच विरुद्ध आहे.

"मंगळवारी दुपारी तुम्ही आत गेला होतात," हसनभाईंनी यादीवर बोट ठेवलं.

"प्लगिन अपडेट करायला. ब्लॉगला जोडलेले छोटे छोटे प्रोग्राम असतात, ते अधूनमधून नवे करावे लागतात."

"हां." त्या 'हां'मधून त्यांना पटलं की नाही ते कळेना.

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "हसनभाई, मला ॲडमिनवरून काढा. आत्ता. ॲडमिन म्हणजे सगळ्या किल्ल्या ज्याच्याकडे तो. मी सांगते तसं दाबा, मला नुसती वाचक करा आणि तुमचा पासवर्ड बदला."

त्यांनी एका बोटाने ते सगळं केलं. नवा पासवर्ड टाकताना फोन छातीशी धरला. वाईट वाटलं. पण त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

ते गेल्यावर मी उलटा संशय घ्यायला लागले. हसनभाई बंदरावर चहाला बसतात, तिथे बोलले असतील. संगीतानेच शेजारणीला सांगितलं असेल. की माझ्याच कॉम्प्युटरमध्ये कोणी शिरलंय? गाळ्यात मदतीला येणाऱ्या मुलीकडे मी दिवसभर तिरक्या नजरेने बघत होते. तिने शेवटी विचारलं, "ताई, माझं काही चुकलं का?" मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी स्कूटर काढली आणि पालीला गेले. संगीता मशीनवर बसली होती. मी कोण ते सांगितल्यावर तिने पाय थांबवला, पण बसा म्हणाली नाही.

"एजंटाला नेमकं काय कळलंय ते मला बघायचंय," मी म्हटलं. "फोनवर तो काय बोलला?"

"तुम्हाला कशाला सांगू? चाचा म्हणाले, त्याची साइट तुम्हीच केलीत."

"केली. आणि ते मी आधी सांगायला हवं होतं. पण त्याला मी काही कळवलेलं नाही. कोणी कळवलं ते सापडलं नाही तर उद्या आणखी कोणाच्या तरी घरी फोन जाईल."

तिने हातातली ब्लाउजची बाही खाली ठेवली. मग म्हणाली, "फोन केला आणि मागाहून फोटो पाठवला. पुरावा म्हणून." मोबाईल पुढे केला, पण हातातून सोडला नाही.

तो स्क्रीनशॉट होता. हसनभाईंचा मजकूर, शब्द न् शब्द. संगीताचं नाव, नवऱ्याचं नाव, बोटीचं नाव. मी तो मोठा करून बघितला. ड्राफ्ट आतून बघितला तर डाव्या बाजूला काळी पट्टी दिसते, वर बटणं दिसतात. इथे तसं काही नव्हतं. पांढरं पान, आणि खाली अगदी बारीक ओळ होती. 'हे मेल नको असल्यास येथे दाबा.'

म्हणजे ब्लॉगमध्ये कोणी शिरलंच नव्हतं. ब्लॉगनेच त्याला मेल पाठवला होता.

पालीहून थेट मिरकरवाड्याला गेले. हसनभाई दारातच उभे राहिले, आत या म्हणाले नाहीत.

"नवी पोस्ट लिहिता तसं माझ्यासमोर करून दाखवा. काहीही लिहा, पण नेहमी करता तसंच करा."

त्यांनी फोन काढला. दोन ओळी लिहिल्या. 'पब्लिश' दाबलं. ब्लॉग उघडून पोस्ट वरखाली सरकवून बघितली. मान हलवली. मग परत आत जाऊन ती पोस्ट 'ड्राफ्ट' केली.

"हे काय केलंत?"

"कशी दिसते ते बघितलं. मग परत ठेवली. आता चुका काढायच्या."

"दर वेळी असंच करता?"

"पहिल्यापासून. का?"

मी पायरीवरच बसले. पोस्ट कशी दिसेल ते बघायला 'प्रिव्ह्यू' नावाचं वेगळं बटण असतं. तिथे फक्त लिहिणाऱ्यालाच दिसतं. ते मी त्यांना दाखवलंच नव्हतं. आणि ब्लॉगवर मी एक चौकोन लावला होता, सबस्क्राइबचा. वाचकाने त्यात आपला ईमेल टाकला की नवी पोस्ट पब्लिश होताच सगळा मजकूर त्याच्या मेलवर जातो. तो एकदाच जातो, पहिल्यांदा पब्लिश केल्यावर. नंतर पोस्ट मागे घेतली तरी गेलेला मेल परत येत नाही. म्हणजे इतके महिने वाचकांना मेलवर जात होता तो नावांसकटचा कच्चा मजकूर. दुरुस्त केलेला फक्त ब्लॉगवर दिसायचा.

त्यांच्याच फोनवर सबस्क्रायबरांची यादी काढली. त्यात एजंटाच्या ऑफिसचा पत्ता होता, सरळ स्वतःच्या नावाने नोंदवलेला. त्याने चोरी केलीच नव्हती.

हसनभाईंना समजायला वेळ लागला नाही. "म्हणजे तिचं नाव मीच सांगितलं."

"तुम्ही बटण दाबलंत. ते काय करतं ते मी सांगितलं नव्हतं."

आम्ही दोघं मिळून संगीताकडे गेलो. हसनभाईंनी काही लपवलं नाही. माफी मागितली. मी मेलचा सगळा प्रकार समजावला.

"हा मेल किती जणांना गेला?"

"तीनशेच्या वर," मी म्हटलं.

"त्यात बोटीवरच्या दुसऱ्या कोणाच्या घरचे असतील?"

"असू शकतील."

तिने मशीनवरचं कापड बाजूला केलं. "मग आता लपवून काय राहिलंय? चाचा, नाव ठेवा. माझं ठेवा, बोटीचं ठेवा. आणि खाली लिहा, त्या बोटीवर ज्यांचं माणूस आहे त्यांनी मला फोन करा."

"गो, नीट विचार कर," हसनभाई म्हणाले. "त्याने आणखी त्रास दिला तर?"

"आता काय देत नाही का?"

नवी पोस्ट नावासकट गेली, या वेळी प्रिव्ह्यू बघून. चार दिवसांत त्याच बोटीवरच्या पाच जणांच्या घरून फोन आले. एक जयगडचा, एक थेट केरळचा. सगळ्यांनी मिळून सरकारी जहाज कार्यालयात तक्रार केली. एजंटाने संगीताला पुन्हा फोन केला, या वेळी आवाज खाली होता. दोन महिन्यांनी बदली माणसं चढली आणि संगीताचा नवरा घरी आला. वजन बरंच उतरलं होतं, पण आला. बाकीच्यांपैकी दोघं अजून तिथेच आहेत.

हसनभाई आता प्रिव्ह्यू बघतात. मला त्यांनी पुन्हा ॲडमिन केलं नाही, आणि मीही ते मागितलं नाही.

नव्या गिऱ्हाईकाला आता मी आधी माझ्या जुन्या कामांची यादी दाखवते, मग ब्लॉग शिकवते. पोस्ट, डोमेन, होस्टिंग हे शब्द लोकांना अर्ध्या तासात येतात. पब्लिश म्हणजे काय हे शिकवायला मात्र मी आख्खा दिवस ठेवते.