हनीफभाईंचा भोंगा

किस्से सांगायला लोक कुठून कुठून जमवून आणतात. आमच्याकडे उलटं. बरेच दिवस पडून राहिलेला भोंगा खाली उतरवला की आतून चिमण्यांच्या काड्या, कापूस, पिसं निघतात ना, तसे आमच्या दुकानात किस्से साचलेत. नुसतं झटकलं की पडतात!

लग्न होऊन मी अमरावतीत आले ती थेट लाऊडस्पीकरच्या दुकानात. सासरचा धंदाच तो. लग्न असो, भागवत असो, निवडणूक असो, आमचे भोंगे भाड्याने जायचे. शिवाय एक ऑटो होता. त्यावर भोंगा बांधून शहरभर अनाउन्समेंट व्हायची. ऑटो चालवायचा गजा आणि माइकवर हनीफभाई.

काय आवाज होता त्या माणसाचा! दुपारी लोडशेडिंग असायचं. पंखे, टीव्ही, पिठाची गिरणी, सगळं गप्प. त्या शांततेत हनीफभाईंचा आवाज लांबून तरंगत यायचा, आणि कडुलिंबाखाली बाज टाकून पडलेल्या माणसाला आपण जागे आहोत की झोपेत, तेच कळायचं नाही.

शहरातली किती हरवलेली माणसं त्यांनी माइकवर पुकारून घरी पोचवली! पण त्यांचा स्वतःचा जावेद मात्र घर सोडून गेला होता. तेल्हाऱ्याकडे त्यांची थोडी शेती, ती जावेद बघायचा. कपाशीने लागोपाठ दगा दिला तेव्हा तो म्हणाला, "अब्बा, आता शेती नाही करत मी." हनीफभाई संतापले, "मग या घरात राहू नको!" पोरगं तसंच निघालं. बडनेऱ्याला एका गॅरेजमध्ये असतो, हे आम्हाला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. बडनेऱ्याचं काम आलं की हनीफभाई म्हणायचे, "वहिनी, आज गळा बसला."

बाकी कुठे जायचं असलं की गळा कधी बसला नाही!

गजा एकदा म्हणाला, "भाई, सगळ्या गावाचं पुकारता, आपल्या पोराचंही पुकारा ना."

"तो हरवला थोडीच हाये? रागावला हाये. रागावल्याची अनाउन्समेंट नसते!"

*

एकदा कोणाची म्हैस हरवली. "काळी म्हैस, एक शिंग वाकडं, कोणाले दिसल्यास कळवा," असं हनीफभाई सकाळपासून पुकारत होते. लोक दारात येऊन बघायचे आणि हसायचे. हनीफभाईंना कळेना. शेवटी एका म्हातारीने हटकलं, "अरे बाबा, मागं तं पाह्य!"

गजाने स्वतःच्या गायीसाठी हिरवा चारा घेऊन ऑटोत मागे टाकला होता. एक शिंग वाकडं असलेली काळी म्हैस तो चारा ओढून खात शांतपणे मागोमाग चालली होती. हनीफभाईंनी लगेच मजकूर बदलला, "मालकानं या आणि म्हैस घेऊन जा. ते आमाले सोडून नाई राहिली!"

*

साड्यांच्या सेलची अनाउन्समेंट होती. ऊन असं, की डांबर चपलेला चिकटत होतं. "सुती साड्या... नऊवारी साड्या..." म्हणता म्हणता हनीफभाईंचा डोळा लागला. माइक तोंडाशी तसाच, चालू! गजाला वाटलं, भोंगा खराब झाला. तो ऑटो चालवत राहिला आणि हनीफभाईंचं घोरणं गल्लीगल्लीतून फिरत राहिलं.

दुसऱ्या दिवशी साडीवाला भांडायला आला. मी त्याची समजूत काढतेय तोवर मागून एक बाई आली, कडेवर किरकिरणारं लेकरू. "वहिनी, कालची ते अनाउन्समेंट आज नाई का? काल लई छान झोपला होता हा."

*

एका वर्षी सर्कस आली. नेमकं तेव्हाच कापसाला कोणी विचारत नव्हतं, बाजार ओस पडला होता. तंबू रिकामा. मालक म्हणाला, काहीतरी जोरदार बोला. हनीफभाई आधी आत जाऊन सगळं बघून आले आणि माइकवर म्हणाले, "हत्तीण म्हातारी झाली हाये. खेळ काही करत नाई. पन डोळे लई मायाळू हायेत तिचे."

संध्याकाळी तंबू भरला! लोक रांगेने हत्तिणीचे डोळे बघत होते. मीही पाहिले. खरंच मायाळू होते हो, मला तर माहेरची आठवण आली.

*

तिवशाच्या एका बियाणेवाल्याचं काम होतं. मजकूर असा, की हे बियाणं पेरा आणि सोनं पिकवा. हनीफभाई माइकवर म्हणाले, "बियाणं आलं हाये." आणि थांबले.

दुकानदार ओरडला, "अन् पुढचं?"

"पुढचं पाऊस बोलन. मी काहून बोलू?"

ते काम हातचं गेलं. पण त्या दिवशी दुकानात परतल्यावर हनीफभाई गुंडाळलेलीच वायर पुन्हा पुन्हा गुंडाळत बसले होते, आणि ते कोणाचा विचार करतायत ते मला आणि गजाला कळत होतं. मला फार वाईट वाटलं.

*

आणि मग एके दिवशी त्यांची बायको, जुबेदाभाभी, दुकानात आली. नवऱ्याकडे न बघता मला म्हणाली, "अनाउन्समेंट द्यायची हाये. बडनेऱ्याले. पोरगा घरी नाई आला."

हनीफभाईंनी मान खाली घातली. म्हणाले, "माहा गळा..."

"मी गिऱ्हाईक हाये," भाभी म्हणाली.

गिऱ्हाइकाला ते नाही म्हणूच शकत नव्हते. गजाने ऑटो काढला. मी आणि भाभी मागे बसलो. बडनेऱ्यात पोचलो तेव्हा दिवस बुडत होता आणि लाइट नुकतीच गेली होती. दुकानांतून मेणबत्त्या लागत होत्या. हनीफभाईंनी माइक तोंडाशी धरला. नाव नाही, वय नाही, अंगावरचे कपडे नाहीत. इतक्या वर्षांची सवय विसरून ते नुसतं म्हणाले, "पोरा, घरी ये. शेतीचं नाव नाई काढणार मी. तुही माय जेवली नाई."

चहाच्या टपरीवर बसलेला एक पोरगा उठला आणि चालू लागला. पुलाच्या कठड्यावरचा दुसरा उठला. एक चांगला मोठा, मिशीवाला माणूस सायकल वळवून भरभर निघाला. आम्ही बघतच राहिलो. त्यातला एकही जावेद नव्हता!

हनीफभाईंना काही दिसत नव्हतं. डोळे मिटून ते तेच ते म्हणत होते आणि गजा ऑटो बैलगाडीच्या चालीने चालवत होता. अंधारातून कोणीतरी चालत चालत ऑटोच्या बाजूला आलं. तेलकट हात आत आला आणि त्याने हनीफभाईंच्या हातातला माइक अलगद आपल्याकडे ओढला.

"अब्बा, बस करो. सुन लिया."

अख्ख्या बडनेऱ्याने ते ऐकलं. माइक चालूच होता.

आणि मग हनीफभाईंचा आवाज आला,

"सुन लिया तो बैठ. गजा, घराकडे घे."