गळफांदी

मी बारावीत असताना कडबा कापायच्या मशीननं बाबांच्या उजव्या मनगटातली नस तुटली. शिवली, पण तीन बोटं वाकेनात. मी तेव्हाच सांगून टाकलं, नसांचंच शिकणार आणि हा हात बरा करणार. पुढे दर सुट्टीत घरी नाचणगावला आले की त्यांची बोटं एकेक करून वाकवून बघायची.

पीएचडीला विषय मिळाला कायनेजचा. ही प्रथिनं दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेटचा बारीक तुकडा चिकटवतात, त्यानं कुणाचं काम सुरू होतं, कुणाचं थांबतं. नसा ज्यांच्या तंतूंनी बनतात त्या चेतापेशीला कोवळेपणी चार-पाच धुमारे फुटतात. त्यातला एकच लांब वाढून निरोप नेतो. तो कोणता, हे ठरवण्यात कायनेजचा मोठा हात. मी त्यातलं एक औषधानं बंद पाडलं, तर एकेका पेशीला चार-चार लांब तंतू आले. तुटलेली नसही अशीच वाढवता येईल, या विचारानं मला आकाश ठेंगणं झालं.

त्या पेशींचे फोटो मोबाईलमध्ये घेऊन थेट शेतात गेले. बाबा डाव्या हातानं कपाशीच्या गळफांद्या कापत होते. बुडाशी फुटून सरळ वर जाणारी ही फांदी दिसते जोमदार, खातेही भरपूर, बोंडं मात्र मोजकीच देते.

त्यांनी मोबाईल लांब धरून पाहिला. "मंग याच्या गळफांद्या काऊन नाई काहाडल्या?"

मला रागच आला. बाबांना यातलं काय कळतं, असं मनात म्हणत मी पुलगावहून बस पकडली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. प्रयोगशाळेत परतल्यावर तपासलं. त्या लांब तंतूंपैकी शेजारच्या पेशीशी धड जोडलेले फारच थोडे होते. ज्याला मी अडथळा समजून बंद पाडलं, तेच कायनेज जास्तीचे धुमारे आवरत होतं.

महिन्याभरानं पुन्हा गेले. बाबा बांधावर बसले होते. मी शेजारी बसून सांगितलं, "बाबा, माझ्या औषधानं तुमचा हात बरा नाई होत."

"मले मालूम हाय. टाके काहाडले त्याच दिवशी डॉक्टरनं सांगतलं होतं."

"मग इतकी वर्षं बोलले काऊन नाई?"

"तू शिकून राह्यली होती नं, माय."

मला रडू आवरेना. बाबांनी दर सुट्टीसारखा उजवा हात माझ्यापुढे केला.