विमान शाखेची दुसरी बॅच

विमानाचा पंख मोडेपर्यंत वाकवून बघायचा, हे माझं सव्वीस वर्षांचं काम. विमान कारखान्याच्या चाचणी विभागाची प्रमुख झाले तेव्हा त्या खुर्चीवर बसलेली मी पहिलीच बाई. पुढे पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजला विमानाची शाखा काढायची होती. त्यांनी मला प्राचार्य म्हणून बोलावलं. मी नोकरी सोडली, नारायण पेठेत भाड्याने जागा घेतली आणि कामाला लागले.

दुसऱ्या वर्षीच्या प्रवेशांच्या वेळी कात्रजहून एक मुलगी वडिलांना घेऊन आली. वडील मूळचे वर्ध्याकडचे, इथे डेअरीत कामाला. मुलीला कॉम्प्युटरची जागा मिळत होती, तिला विमानं हवी होती. वडील खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "मॅडम, मला यातलं काही समजत नाही. तुम्ही सांगाल ते."

मी स्वतःचं उदाहरण देऊन विमानांचीच शाखा घ्यायला सांगितलं. "तिच्या नोकरीचं माझ्यावर सोडा," असंही मी म्हणाले. ते वाक्य बोलायची काही गरज नव्हती.

मुलगी हुशार होती. तिच्या बॅचने माझ्याबरोबर विंड टनेल बांधली. प्लायवूडची लांबलचक पेटी, एका टोकाला मोठा पंखा आणि मधल्या काचेआड विमानाचं लहानसं मॉडेल. पंखा पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा मॉडेलवर चिकटवलेले दोऱ्याचे तुकडे एका रेषेत आडवे झाले. ती काचेला नाक लावून हळूच म्हणाली, "मॅम, हवा दिसतेय."

ती तिसऱ्या वर्षाला असताना संस्थेच्या अध्यक्षांनी मला बोलावलं.

"अहो मॅडम, साठ जागा आणि यंदा अकरा मुलं. बाकीची बहुतेक उडून गेली." ते हसले नाहीत. "शाखा बंद करू. पत्रावर आपली सही लागेल."

"मी नाही केली तर?"

"तर नवे प्राचार्य करतील. आपणही दमला असाल."

मी विश्वस्तांना भेटले, पानंच्या पानं टिपणं लिहिली. कोणी वाचली असतील असं वाटत नाही. शेवटी एक अट घालून सही केली: आत असलेली मुलं बाहेर पडेपर्यंत प्रयोगशाळेला हात लावायचा नाही. अध्यक्ष लगेच हो म्हणाले. त्यांनी इतक्या लगेच हो म्हटलं, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आठ दिवस दिल्लीला गेले होते. परत आले तर त्या हॉलमध्ये संगणकांच्या रांगा लागल्या होत्या. टनेलचं प्लायवूड मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं. मुलीचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प निम्मा तिथेच व्हायचा होता. मी जाब विचारला. "जागेची अडचण होती," एवढंच उत्तर मिळालं. तिने उरलेला प्रकल्प संगणकावर कसाबसा पुरा केला.

त्या बॅचसाठी एकही विमान कंपनी कॉलेजात आली नाही. मी जुन्या ओळखीच्यांना फोन केले. बरेचसे निवृत्त झाले होते. पुढच्या वर्षी मी राजीनामा दिला. निरोपाच्या कार्यक्रमात अध्यक्षांनी, मुलींनी माझा आदर्श ठेवावा, असं भाषण केलं. मी शाल आणि नारळ घेतला आणि घरी आले.

नंतर एकदा शनिवार पेठेत चष्म्याच्या दुकानात ती मुलगी भेटली. वर्षभर घरी बसून मग हिंजवडीत लागली होती.

"काय काम करतेस?"

"बँकेच्या ॲपची बटणं दाबून बघते, मॅम. नीट चालतात का ते." हातातली फ्रेम काउंटरवर ठेवून म्हणाली, "बाबा अजून तुमची चौकशी करतात. मॅडम काहीतरी करतील म्हणतात. मी त्यांना कितीदा सांगितलं, आता विषय सोडा म्हणून."

"बघते," मी म्हणाले.

घरी येऊन खरंच बघितलं. माझ्या हाताखाली शिकलेला एकजण आता त्याच कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याने आदराने मुलीचा बायोडाटा मागवून घेतला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "मॅडम, मधे खंड पडलाय. शिवाय ती शाखाच आता बंद झालीय ना. वर विचारतील."

मी मुलीला हे कळवलं नाही. तिनेही कधी विचारलं नाही.