डेऱ्यातलं लोणी

माझी लेक अश्विनी तापाने गेली, त्यानंतर मी देवघराकडे फिरकले नाही. नांदेडच्या दवाखान्यात आठ दिवस मी एकच मागणं मागत होते. ते देवाने ऐकलं नाही. मग आता त्याच्याशी बोलायचं काय, असं वाटे. रेणापूरजवळच्या आमच्या खेड्यात बायका समजूत घालायला येत. मी भिंतीकडे तोंड करून पडून राही. जगण्यावरचं मन पार उडालं होतं.

गोकुळाष्टमीला मालक म्हणाले, "देवापुरतं तरी लोणी काढ." त्यांचा उतरलेला चेहरा बघून मी उठले. रवीला दोरी गुंडाळली नि डेऱ्यातलं दही घुसळू लागले. हे काम अश्विनीचं. तासभर घुसळलं, पण नुसता फेस. लोणी येईना. माझ्या हातचं देवाला नकोच आहे, असं मनाने घेतलं. सगळं उकिरड्यावर ओतावं म्हणून डेरा उचलला, तोच दारात एक म्हातारी मुसलमान बांगडीवाली उभी राहिली. पूर्वी कधी पाहिली नव्हती.

"पोरगी हाय का घरात? हिरव्या बांगड्या हायेत."

मी डेरा तसाच धरून उभी राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं, टोपली खाली ठेवली.

"कवा गेली?"

"चार महिने झाले, चाची."

माझ्या हातून डेरा घेऊन तिने त्यात बोट बुडवून पाहिलं. "दही तापलंय, बेटा. रांजणातलं गार पानी आन."

मी पाणी ओतलं. तिने दोरी धरली, सावकाश ओढू लागली. थोड्या वेळाने दोरी माझ्या हाती दिली. "आता तू वड. मी बसते हितंच."

रवीला पिवळसर कण चिकटू लागले, मग गोळा वर आला. चार महिन्यांत पहिल्यांदा मी मोठ्याने रडले. म्हातारी माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. ताकाचा तांब्या पुढे केला, तर म्हणाली, "आधी तुज्या देवाला ठेव. मंग मला."

मी लोण्याचा गोळा देवापुढे ठेवला. मागायला काही उरलंच नव्हतं. नुसतं डोकं टेकलं.

लेक गेली ती गेलीच. आजही कधीकधी सकाळी उठवत नाही, देवावर रागही येतो. पण तो राग आता त्याच्यापुढे बसूनच काढते. त्या दिवशी त्याने माझं दुःख नेलं नाही. पण त्या दुःखात माझ्याजवळ बसायला कुणाला तरी धाडलं. तेवढ्यासाठी हात जोडते. बाकीचं त्याच्यावर सोडायला अजून शिकतेच आहे.