साल्सातलं गाऱ्हाणं

मालवणजवळच्या आमच्या देवबाग गावात परदेशातून परतलेल्या खलाशांना तोटा नव्हता. कुणी घड्याळ आणायचा, कुणी अत्तर, कुणी नायलॉनच्या साड्या. माझा चुलतभाऊ विश्राम मोंडकर ब्याऐंशी साली कायमचा परत आला तो गाण्याच्या तबकड्यांनी भरलेले दोन खोके घेऊन. कंपनीनं बोट भंगारात काढली, खलाशांना घरचा रस्ता दाखवला आणि ह्या शहाण्यानं मिळालं ते सगळं तबकड्या, रेकॉर्ड प्लेअर आणि रिळांचा एक थोराड टेपरेकॉर्डर यात घातलं. सुभद्रावहिनी आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा म्हणाली, "ह्या काय आता चुलीर ठेवून शिजवू?"

शिजवण्याचंच गाणं होतं ते, एका अर्थी. पनामा, कोलंबिया अशा देशांच्या बंदरांतून विश्राम वर्षानुवर्षं फिरला होता. तिथल्या गुत्त्यांतून वाजणाऱ्या त्या संगीताला साल्सा म्हणतात आणि साल्सा म्हणजे त्यांच्याकडचं कालवण, असं तो आम्हाला ऐटीत सांगायचा. फुलाफुलांचा शर्ट आणि घट्ट पँट घालून हा चाळिशीचा घोडा वाळूत एकटाच पावलं टाकायचा, कमरेतून असा हलायचा की पाणी भरायला आलेल्या बायका हंडे टेकवून बघत बसत. मी मालवणच्या शाळेत मास्तरीण. मला लाज वाटायची ती वेगळीच. पण गाणं चांगलं होतं हे मी तेव्हाही कबूल करत होते. जुनी, मुरलेली गाणी होती ती. पितळी भोंगे, हातानं बडवायचे ढोल आणि मधून दोन लाकडी दांडके एकमेकांवर आपटत जो ठोका धरायचे, तो डोक्यातून जाता जायचा नाही.

आमच्या लोकांच्या मात्र तो डोक्यात शिरेचना. एका लग्नात विश्रामनं हौसेनं तबकडी लावली. माणसं उभी राहिली, टाळ्या वाजवायला हात वर केले आणि तसेच खाली घेतले. पाय कुठं टाकायचा हेच कळेना. शेवटी नवऱ्याचा मामा म्हणाला, "विश्राम, ह्या बंद कर आणि कायतरी मराठी लाव रे."

दुसरा असता तर गावाला शिव्या घालून गप्प बसला असता. विश्रामनं कारखाना काढला. जुनी गाणी रिळावर उतरवायची, दाढीच्या ब्लेडनं फीत तिरकी कापायची, हवा तो तुकडा पुन्हा पुन्हा जोडायचा. लांबलचक गाण्यातला गायकाचा आलाप काढून टाकायचा आणि वाद्यांचा भाग वाढवायचा. खाली आमच्या शिमग्याच्या ढोलाचा ठोका घालायचा, म्हणजे पायाला आधार मिळतो. फितीची वेटोळी वलाणीवर कपड्यांशेजारी लोंबत असायची. तेव्हा मालवणात रेकॉर्ड डान्सच्या स्पर्धांचं खूळ होतं. मुंबईहून सुट्टीला आलेली पोरं डिस्को डिस्को करत घुमायची. त्यांना विश्रामचं हे मिश्रण पसंत पडलं. बरं वाटलं, एवढंच. वेड लागावं असं अजून काही झालं नव्हतं.

ते झालं गंगारामकाकांमुळे. काका म्हणजे विश्रामचे वडील. गावाचं गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा असो की देवळात कुणाचा नवस फेडायचा असो, काका हात जोडून उभे राहणार आणि गावाच्या वतीनं देवाकडे मागणं मांडणार. प्रत्येक मागण्यामागे साऱ्या गावानं एका दमात "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. काका एरवी मितभाषी, पण गाऱ्हाण्याला उभे राहिले की तो आवाज पार खाडीपलीकडे जायचा. मी देवाधर्मातली नव्हे, तरी अंगावर काटा यायचा.

एका संध्याकाळी विश्राम माझ्या ओट्यावर धापा टाकत आला. "लीला, आयकलंस? साल्सात एकटो गाणारो काय तरी सांगता आणि मागचे सगळे एकच ओळ परत परत म्हणतत. गो, ह्या आमचा गाऱ्हाणाच आसा!"

त्र्याऐंशीच्या नारळी पौर्णिमेला त्यानं काकांचं गाऱ्हाणं किनाऱ्यावर टेप केलं. काका आधी कुरकुरले, मग एकच अट घातली, "माझा गाऱ्हाणा घराभायर कोणाच्या हातात देव नको." विश्रामनं ती अट अक्षरशः पाळली. एकाही माणसाला कॅसेट भरून दिली नाही. स्वतः यंत्र उचलून न्यायचा, वाजवायचा, परत आणायचा. मूळ टेप त्यानं ब्लेडनं तुकडे तुकडे करून साल्साच्या मध्ये मध्ये बसवली होती. आधी भोंगे, मग ढोल, मग सगळं थांबून काकांचं "बा देवा म्हाराजा", आणि त्या बंदरातल्या लोकांच्या कोरसाऐवजी आमचं अख्खं देवबाग, "व्हय म्हाराजा!" मालवणच्या स्पर्धेत ते पहिल्यांदा वाजलं तेव्हा नाचणारी पोरंच काय, बघायला आलेले मास्तर, दुकानदार, पोलीसही ओरडले. मी ओरडले. इतका आनंद त्या मैदानावर मी पुन्हा पाहिला नाही.

त्याच थंडीत काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा पूर्ण गेली. घशातून नुसता घोगरा श्वास. डॉक्टरांनी हात टेकले. मग रोज दिवेलागणीला काका डाव्या हातानं फळीवरच्या यंत्राकडे बोट करायचे आणि विश्राम ते रीळ लावायचा. भोंगे वाजायचे, ढोल वाजायचा आणि काका वाट बघत बसायचे. स्वतःचा आवाज आला की डोळे मिटायचे, ओठ हलवायचे. सुभद्रावहिनी म्हणायची, दिवसभर पोटात घास जायचा नाही, पण ते ऐकल्यावर पेज मात्र सगळी प्यायचे. माणूस त्या रिळावर जगत होता, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

पुढच्या मोसमात रापण रिकामी यायला लागली. रापण म्हणजे सगळ्या गावाचं मिळून एक मोठं जाळं. होडीनं समुद्रात सोडायचं आणि दोन्ही बाजूंनी माणसांनी किनाऱ्यावर ओढायचं. सकाळभर ओढून हाती काय, तर चिखल आणि शेवाळ. ट्रॉलर येऊन समुद्राचा तळ खरवडून नेत होते हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. पण त्यातल्या एका ट्रॉलरमध्ये भाई गावकराची भागी होती, आणि भाई म्हणजे देवळाचा पहिला मानकरी. तेव्हा वड्याचं तेल वांग्यावर निघायला वेळ लागला नाही. भाईनं देवळात सभा बोलावली आणि कारण सांगितलं. गाऱ्हाणं देवाला सणाला नाहीतर नवसालाच घालायचं असतं. विश्रामनं ते यंत्रात घालून दर लग्नात, दर नाचात, दारू प्यायलेल्या पोरांच्या तोंडून घालायला लावलं. "देवाक रोज उठान हाक मारल्यार देव येतलो कशाक?" भाई म्हणाला. माना डोलल्या. मला खरंच वाटलं होतं की कुणीतरी हसेल.

"ट्रॉलर दर्याचो तळ काढतत आणि गुन्हेगार माझी टेप?" विश्रामनं विचारलं.

"ट्रॉलर देवान दिलो," भाई म्हणाला. "टेप तू केलंस."

मग कौल लावला. आमच्याकडे हा रिवाज आहे. गुरवानं देवाच्या पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि उजवी कळी पडली की देवाचा होकार, डावी पडली की नकार. प्रश्न टाकला, ते रीळ दर्यात सोडायचं काय? डावी कळी पडली. देव नको म्हणाला! पण भाई म्हणाला, प्रश्न नीट मांडला गेला नाही. पुन्हा मांडला, पुन्हा डावी. मग गुरवानं कळ्या बदलल्या, थोड्या सुकलेल्या घेतल्या, आणि भाईनं स्वतः विचारलं. या वेळी उजवी पडली आणि साऱ्यांना देवाचं म्हणणं लख्ख समजलं. देव बिचारा तरी काय करणार, त्याला मानकऱ्यांतच राहायचं आहे.

विश्रामनं हात जोडले. मी त्याला कुणापुढं हात जोडताना तेव्हाच पाहिलं. म्हणाला, "पुन्हा भायर वाजवचंय नाय. पण बाबांचो आवाज तेवढोच आसा. मूळ टेप कापून गेली. घरात तरी ठेवंदेत."

"देवाचा ता देवाक," भाई म्हणाला. "आणि नाय आयकलंस तर बघ. बापूस असो पडलो हा. उद्या काय झाला तर खांदो देवक गावातलो माणूस येवचो नाय."

त्या वाक्यानं विश्राम संपला. स्वतःसाठी तो गावाशी भांडला असता. बापाची तिरडी कुणी उचलायची नाही, हे त्याच्यानं ऐकवलं नाही. दुसऱ्या दिवशी खाडी दर्याला मिळते तिथं सगळे जमले. विश्रामनं रीळ टाकलं आणि ते मेलं बुडेचना. फीत सुटून लाटांवर पसरली, काळी, लांब, बायकांच्या केसांसारखी. ती लोकांनी गोळा करून परत आणली आणि रापणीच्या जाळ्याचं शिसं बांधून पुन्हा टाकली. तेव्हा बुडाली. विश्राम पाण्यात तसाच उभा होता. मला त्या दिवशी साऱ्या गावाचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

काकांना सांगायचं कुणी? विश्राम म्हणाला, "बाबा, मशीन मुंबयक दुरुस्तीक गेला हा." यंत्र त्यानं खाटेखाली लपवलं. काका रोज दिवेलागणीला रिकाम्या फळीकडे बोट करत आणि विश्राम रोज सांगे, येतला, येतला. पेज तशीच राहायला लागली.

सत्याऐंशीच्या वैशाखात भाईच्या मुलाचं लग्न झालं. मोठा मांडव, मुंबईहून मागवलेलं साऊंड. वाचा गेली तरी मान काकांचाच, म्हणून भाईनं त्यांना खुर्चीसकट उचलून आणवलं आणि पुढे बसवलं. जेवणं उरकली आणि साऊंडवाल्यानं एक कॅसेट लावली. पहिले भोंगे वाजले तशी मी दचकले. भोंगे खरे नव्हते, कॅसिओवर काढलेले होते, पण चाल तीच. मागं शिमग्याचा ढोल, तोही तसाच. मालवणच्या मैदानावर नाचलेली पोरं सगळं डोक्यात भरून मुंबईला घेऊन गेली होती आणि तिकडे कुणीतरी त्याची कॅसेट काढून बाजारात आणली होती. वर भलत्याचंच नाव. विश्राम माझ्या शेजारीच बसला होता.

आणि काका! काकांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, मशीन आलं. ते खुर्चीत सावरून बसले, डावा हात मांडीवर ठोका धरायला लागला. भोंगे थांबले, ढोल थांबला. काकांनी डोळे मिटले आणि ओठ हलवले.

कॅसेटमधून कुणा नकलाकाराचा आवाज आला. दारुड्याचा आवाज काढून, उचक्या देत, "बा देवा म्हाराजा, माका एक क्वार्टर मिळांदे!" मांडव हसून लोळला. "व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. देवळात माना डोलावणारे, पाण्यात उभं राहून शिसं बांधणारे, सगळे नाचत होते. भाई स्वतः उपरणं फिरवत नाचत होता. ओरडून म्हणाला, "परत लाव रे ती!" परत लागली.

काकांनी डोळे उघडले होते. त्यांनी विश्रामकडे पाहिलं आणि डावा हात पुढं करून तळवा उलटा केला. माझा आवाज कुठं आहे, असं विचारत होते.

विश्राम त्यांना पाठीवर घेऊन घरी गेला. मी मागून गेले. खाटेवर ठेवून त्यानं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. "तुमचो आवाज दर्यात गेलो, बाबा." काकांनी तोंड भिंतीकडे केलं. फळीकडे बोट करणं त्या दिवसापासून बंद झालं आणि पावसाळ्याच्या तोंडावर ते गेले. खांदा द्यायला अख्खं गाव आलं. भाई सगळ्यांत पुढं. शब्दाला जागला, असं लोक म्हणाले.

गाऱ्हाण्याचा मान रीतीनं विश्रामकडे आला. त्या नारळी पौर्णिमेला तो काकांचं धोतर नेसून किनाऱ्यावर उभा राहिला. मला वाटलं, हा काही बोलणार नाही. पण त्यानं हात जोडले आणि आवाज लावला. चांगला मोठा आवाज होता.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वेशीच्या धन्या!"

"व्हय म्हाराजा!"

"ज्यांनी माझ्या बापाशीचो आवाज शिसा बांधून तुझ्या पोटात टाकूक लावलो..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि तेच्याच नकलेर जे पोटभर जेवन नाचले..."

"व्हय म्हाराजा!"

"तेंका कधीतरी आयकाक येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सारा किनारा गरजला. एकही तोंड चुकलं नाही, एकही मान वर झाली नाही. मी माणसांचे चेहरे एकेक करून पाहिले. ते नारळाकडे बघत होते.

भाईनं पुढं होऊन विश्रामच्या पाठीवर थाप मारली. "बरा घातलंस रे," तो म्हणाला. "अगदी बापाशीसारखा."