बोलका बर्फ

खान्देशात जन्म काढून उन्हाऐवजी थंडीला भिणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझा साडू निघाला. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका सरकारी आरोग्य केंद्रात ते औषधनिर्माते होते. लसींचा फ्रीज त्यांच्या ताब्यात असे. ते फ्रीजच्या ताब्यात होते, असे म्हणणे अधिक अचूक होईल. सकाळ-संध्याकाळ तापमान पाहून आकडा टिपावा, ही सरकारी अट त्यांनी भुसावळच्या घरच्या फ्रीजलाही लावली होती. कोथिंबिरीसाठी दार उघडले की पलीकडच्या खोलीतून आवाज येई, "अगं, दार!" त्यांची पत्नी, म्हणजे माझ्या पत्नीची थोरली बहीण अक्का, एकदा म्हणाली, "यांच्यापेक्षा सासूबाई बऱ्या होत्या. त्या निदान दुपारी झोपायच्या." भुसावळशेजारी दीपनगरला वीज तयार व्हावी आणि आपल्या केंद्रातून ती जावी, हा त्यांना व्यक्तिगत अपमान वाटे. एका घरी आम्ही समाचाराला बसलो असता पंखा थांबला. सारे डोळे टिपत होते. साडू गंभीरपणे म्हणाले, "फ्रीज कोणी उघडू नका."

पाचोऱ्याच्या एका साखरपुड्यात त्यांनी ताकाच्या दोन बाटल्या एकदम हलवल्या, टेबलावर शेजारी ठेवल्या आणि कोणत्या बाटलीत साका आधी बसतो, ते चष्मा सरसावून पाहू लागले. गोठून बिघडलेली लस अशी ओळखतात, हे मुलीच्या बापाला कोठून ठाऊक असणार? तो हात जोडून आला. "काही चुकनं का, भाऊ?" साडू म्हणाले, "डावीकडची गोठून गेलेली आहे. पाहुण्यांना देऊ नका."

तथापि त्यांची खरी तऱ्हा बर्फाबाबत होती. लस गावोगाव नेण्याच्या पेटीत बर्फाचे चपटे डबे ठेवतात. डबा गोठणपेटीतून काढून तसाच ठेवला तर त्याला टेकलेली लस गोठते, आणि काही लसी गोठल्या की निकामी होतात. म्हणून आतला बर्फ जरासा वितळून पाणी खळखळेपर्यंत थांबायचे. साडू प्रत्येक डबा कानाशी धरून हलवीत. पाणी वाजले की म्हणत, "बोलला!" तोवर बाहेर जीप, चालक आणि नर्स ताटकळत. एकदा मीही होतो. मी घड्याळ पाहिले.

"गुरुजी," ते म्हणाले, "वर्गात एखादा मुलगा उत्तर द्यायला वेळ लावतो, तेव्हा तुम्ही काय करता?"

"छडी घेतो."

"म्हणून तो बोलत नाही."

ही सवय कोठून आली, ते मला अक्काने सांगितले. नोकरीच्या पहिल्या उन्हाळ्यात केळीची पाने करपत होती. जितके गार तितके चांगले, असा अस्सल खान्देशी विचार करून साडूंनी दगडासारखे डबे पेटीत भरले आणि पेटी घेऊन एका पाड्यावर गेले. तेथे कुप्या काढल्या, तर आत बर्फाचे कण. तशीच टोचली असती तर कोणाला कळले नसते. लेकरू रडले असते, आई समाधानाने परतली असती, आणि पुढे घटसर्पाने ते लेकरू गेले असते तर दोष दैवाला लागला असता. साडूंनी पेटी बंद केली. काम सोडून आलेल्या बायांतली, नातवाला कडेवर घेतलेली एक म्हातारी कडाडली, "बठ्ठ्या बाया काम सोडीसन उन्यात. लस तं गारेगार शे, मंग वाया कशी गई?"

"मन्ही चूक शे, माय. मीच ती मारी टाकी."

"मंग आमी परत कसाले येऊत?"

बाया पुन्हा आल्या नाहीत, तर त्या पाड्यावरचे प्रत्येक लेकरू उघडे राहणार होते, आणि तेही त्यांच्या हातून. पुढच्या खेपेआधी ते झोपडी-झोपडीत जाऊन आपली चूक सांगत हिंडले. सोबत एक डबा नेला होता. बर्फ कसा ऐकायचा, तेही प्रत्येकीला दाखवले. ठरल्या दिवशी बाया आल्या. म्हातारीने नातू पुढे करण्याआधी विचारले, "भाऊ, बरफ बोलना का?" तेव्हापासून त्या पाड्यावर सुईआधी हा प्रश्न विचारण्याचा रिवाज पडला. म्हातारी गेली, रिवाज आहे.

साडू निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. लसीच्या दिवशी मात्र ते अजूनही भुसावळहून बसने केंद्रात जातात, आणि तेथील नर्स त्यांना डबे हलवू देते. गेल्या वैशाखात मी सोबत होतो. त्यांनी डबा उजव्या कानाशी हलवला. मग डाव्या. मग पुन्हा उजव्या. भुसावळच्या घरी दूरदर्शन संच इतका मोठ्याने का लावलेला असतो, ते मला त्या क्षणी कळले.

जीपजवळून नर्सने विचारले, "भाऊ, बोलला का?"

ती पुढे येऊन स्वतः हलवून पाहू शकली असती. ती आली नाही. रुमालाने पेटीचे झाकण पुसत राहिली.

साडूंनी डबा माझ्या कानाशी धरला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "गुरुजी, बघा बरं."

मी ऐकले. इतक्या लक्षपूर्वक मी आयुष्यात फार थोड्यांचे ऐकले असेल.

"अजून नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि डबा टेबलावर ठेवला. आम्ही दोघे त्याच्यासमोर बसून राहिलो. मी घड्याळ पाहिले नाही.